महामारीनंतर चर्च पुन्हा उघडताना: सोलापुरातील मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली, १६ नोव्हेंबर २०२० रोजी पाडव्याला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये भाविकांसाठी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला दुसऱ्यांदा उघडली. या दोन्ही वेळी बहुतेक ठिकाणी फवारणी, फरशी आणि दारातील तापमापक यांवरच अधिक कष्ट खर्ची पडले. कोविडसारखा श्वासावाटे पसरणारा आजार बंद खोलीतल्या सामाईक हवेतून सर्वाधिक पसरतो हे आता निर्विवाद आहे. म्हणून अशी वेळ पुन्हा आली तर पंच कमिटीने पैसा आणि मनुष्यबळ आधी हवेवर आणि नंतर फरशीवर खर्च करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काम कागदाचे आहे. महापालिका आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांचा त्या आठवड्यात लागू असलेला आदेश मिळवावा. तो पाळक, सेक्रेटरी आणि पंचांनी एकत्र बसून वाचावा. उपस्थितीची मर्यादा, वेळ आणि मास्कचा नियम एका ठरावात लिहून घ्यावा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या संदेशाला आदेश समजू नये. जबाबदारी सगळ्यांची ठेवली की ती कोणाचीच राहत नाही, तेव्हा हवा, पाणी, दार आणि आजाऱ्यांची विचारपूस या चार कामांसाठी चार माणसे नावानिशी नेमावीत.

इमारत बंद राहिलेली असते तेव्हा सर्वांत आधी पाणी बिघडते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक चर्चच्या आवारात हौद किंवा टाकी असतेच, आणि अनेक महिने न हललेल्या त्या पाण्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या, शेवाळ आणि जंतू वाढलेले असतात. पाण्याची पाळी ज्या दिवशी आहे तो दिवस धरूनच साफसफाई ठरवावी. आदल्या दिवशी टाकी पूर्ण उपसून आतून घासावी, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळावी आणि मगच नवे पाणी भरावे. झाकण घट्ट बसत नसेल तर त्यावर बारीक जाळी बांधावी. प्रत्येक नळ काही मिनिटे मोकळा सोडावा आणि संडास, मोरी व बेसिनच्या जाळीत बादलीभर पाणी ओतावे, कारण आतील वाकातले पाणी आटले की गटाराचा वास आणि झुरळे थेट सभागृहात येतात. हात धुण्यासाठी दाराबाहेर तोटीचे पिंप, साबण आणि खाली सांडपाण्याची बादली एवढी सोय पुरते. लोकांनी हात किमान चाळीस सेकंद चोळावेत, पण तेवढा वेळ तोटी चालू ठेवण्याची गरज नसते.

विजेची तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, कारण उंदरांनी कुरतडलेली वायर पहिल्याच रविवारी पंखे, कूलर आणि ध्वनिक्षेपक एकदम चालू केल्यावर धोका निर्माण करते. घंटेचा दोर, अग्निशामक नळकांड्याची मुदत आणि बाकांना लागलेली वाळवी हेही पाहून घ्यावे. घंटेच्या मनोऱ्यात मधमाश्यांचे पोळे असेल तर ते उतरवण्याआधी घंटा वाजवू नये.

आता हवेकडे वळू. साठ फूट लांब, तीस फूट रुंद आणि पंधरा फूट उंच अशा सभागृहात २७,००० घनफूट हवा मावते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ मध्ये सुचवल्याप्रमाणे ती तासाला पाच वेळा बदलायची असेल तर मिनिटाला २,२५० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये माणशी सेकंदाला दहा लिटर ताज्या हवेचे माप दिले होते. त्या हिशेबाने शंभर माणसांना मिनिटाला सुमारे २,१०० घनफूट हवा लागते, म्हणजे या आकाराच्या सभागृहात शंभरापुढे जाऊ नये, हे दोन्ही बाजूंनी पडताळून मिळते. सरकारी आदेशात सहा फुटांचे अंतर सांगितले असेल आणि त्यामुळे आकडा कमी येत असेल, तर कमी आकडाच धरावा. एग्झॉस्ट फॅन घेताना तो किती हवा बाहेर फेकतो ते विचारून घ्यावे. त्यावरून किती फॅन लागतील ते ठरवावे आणि वारा ज्या बाजूने आत येतो तिच्या समोरच्या भिंतीत ते उंचावर बसवावेत. छताचा पंखा तीच हवा फिरवतो, बाहेर काढत नाही.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि लोक साहजिकच खिडक्या लावून घेतात. एसी असलेल्या चर्चमध्ये तर खिडकी उघडणे म्हणजे वीज वाया घालवणे वाटते. परंतु खिडकीत बाहेरच्या बाजूस बसवलेला डेझर्ट कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, आणि समोरची खिडकी उघडी ठेवली तर सभागृह थंडही राहते व हवाही बदलते. तोच कूलर आत बाकांशेजारी ठेवला तर हा लाभ मिळत नाही. उपासना सकाळी सात वाजता ठेवावी आणि दोन उपासनांमध्ये निदान अर्धा तास दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून सभागृह रिकामे सोडावे. शक्य असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र आणून ते मधल्या बाकावर ठेवावे. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते. उपासनेच्या मध्यावर ते ८०० च्या वर गेले तर हवा अपुरी आहे असे समजून माणसे कमी करावीत किंवा उपासना आवारात हलवावी. कडुनिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरून केलेली उपासना कोणत्याही सभागृहापेक्षा सुरक्षित असते.

स्वच्छतेसाठी साबणाचे पाणी बहुतेक ठिकाणी पुरते. संडास आणि दारांच्या कड्यांसाठी तीस टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर लिटरला तीस ग्रॅम या प्रमाणात घ्यावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी त्याच दिवशी वापरावे. संडासात वापरायचे अॅसिड त्यात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

गायनाबाबत कठोर राहावे लागेल, आणि भजनाशिवाय ज्यांची उपासना पूर्ण होत नाही अशा मंडळ्यांना हे जड जाईल याची मला जाणीव आहे. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील माउंट व्हर्नन येथे एका गायकवृंदाचा चर्चच्या सभागृहात अडीच तास सराव झाला. दारात सॅनिटायझर होते आणि लोकांनी आलिंगन टाळले होते, तरीही ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पेटी-तबल्यावर एखाद-दुसरे गीत मास्क लावून म्हणावे, गायकवृंदाचा सराव उघड्यावर घ्यावा आणि शब्बाथ शाळाही आवारातच भरवावी.

प्रभुभोजनासाठी एकच प्याला फिरवू नये. लहान पेले आदल्या संध्याकाळी उकळत्या पाण्यातून काढून झाकून ठेवावेत. भाकर मोडण्यापूर्वी पाळकांनी मंडळीसमोर हात धुवावेत आणि मास्क लावावा. दानाची थैली हातोहात फिरवण्याऐवजी दाराशी पेटी ठेवावी. क्यूआर कोड लावायचा असेल तर तो चर्चच्या खात्याचाच आहे याची खजिनदारांनी स्वतः एक रुपया पाठवून खात्री करावी.

वृद्ध, मधुमेही, गरोदर भगिनी यांच्याइतकीच काळजी आपल्या शहरात बिडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या सभासदांची घ्यावी लागते, कारण तंबाखूची आणि सुताची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसांत गेलेली असते. ताप-खोकला असताना घरी राहणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे, हे पाळकांनी व्यासपीठावरून एकदा नव्हे, दर रविवारी सांगावे, आणि अशा घरी फोन करून प्रार्थना करावी. ज्यांच्या माणसांची माती मोजक्या लोकांत, घाईघाईने उरकावी लागली, त्या कुटुंबांसाठी पहिल्याच महिन्यात स्मरणाची उपासना ठेवावी. त्यांची नावे घेण्यापूर्वी घरच्यांना विचारावे. हे काम पुढे ढकलले की ती माणसे हळूहळू चर्चला यायची थांबतात.

दाराशी वहीत नाव, फोन आणि उपासनेची वेळ लिहून घ्यावी आणि ती पाने चौदा दिवसांनी फाडून टाकावीत. कोणी बाधित आढळल्यास त्या वेळी हजर असलेल्यांना त्याच दिवशी फोन करावा, मात्र आजारी व्यक्तीचे नाव सांगू नये. जवळच्या नागरी आरोग्य केंद्राला कळवावे आणि सभागृह दिवसभर उघडे ठेवून पुसून घ्यावे. पुढील रविवारची उपासना घ्यायची की नाही हे आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानुसार शुक्रवारपर्यंत ठरवून लेखी कळवावे, म्हणजे दूरच्या वस्त्यांतून रिक्षाने येणाऱ्यांना हेलपाटा पडणार नाही.