वालुकाश्माच्या घळीत उतरताना: दोर ओढण्याआधी

पहिला दोर खाली ओढून घेतला की परत वर जायची वाट बंद होते. म्हणून हवामान, दोराची लांबी आणि बाहेर पडायची वाट पहिल्या टप्प्याच्या (दोराने उतरायच्या उभ्या कड्याच्या) माथ्यावरच पक्की करा. युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात दोर लागणाऱ्या प्रत्येक घळीसाठी परमिट काढावं लागतं.

डोक्यावरच्या निरभ्र आकाशावर भिस्त ठेवू नका. 12 ऑगस्ट 1997 ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये लोंढ्याने 11 जणांचा जीव घेतला. पाऊस पडला होता कित्येक मैल वरच्या बाजूला. अंदाज बघायचा तो अख्ख्या पाणलोटाचा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या, तर ताबडतोब उंच जागा गाठा.

सगळ्यात मोठा टप्पा 30 मीटरचा असेल तर दोर दुहेरी करून उतरायला 60 मीटर दोर हवा, नाहीतर 30 चा दोर आणि तो खाली ओढून घ्यायला तेवढीच ओढदोरी. अँकर (दोर ज्याला अडकवायचा ते झाड किंवा दगड) काठापासून मागे असेल तर ते अंतर त्यात मिळवा. दोर 8 ते 9 मिलिमीटरचा, स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा. डायनॅमिक दोर ताणला जाऊन काठावर वर-खाली घासतो.

अँकरवरची जुनी स्लिंग (टेपचा फास) झाडामागून, दगडामागून पूर्ण फिरवून बघा. रंग उडालेली, कडक झालेली असेल तर कापून सोबत न्या. नवी 25 मिलिमीटरची ट्यूब टेप (पोकळ नायलॉन पट्टी) वापरून वॉटर नॉट (टेपची टोकं जोडायची गाठ) मारा, दोन्ही शेपट्या किमान 8 सेंटिमीटर सोडा. दोर धातूच्या स्क्रू-लिंकमधूनच (स्क्रूने बंद होणाऱ्या कडीतूनच) ओवा. थेट टेपमधून ओढला तर घर्षणाने नायलॉन वितळतं.

खरी गफलत ओढताना होते. हा दगड इतका मऊ की आधीच्या दोरांनी काठावर खाचा पाडलेल्या असतात आणि दोर आणि ओढदोरी जोडणारी गाठ नेमकी त्यात रुतते. त्यामुळे शेवटचा माणूस वर असतानाच, दोरावर कुणी नसताना, खालच्याने मीटरभर ओढून पाहावं. जड गेला तर वरच्याने स्लिंग लांबवून लिंक काठाच्या पुढे आणावी. ओढण्याआधी दोराच्या टोकाची सुरक्षा-गाठ सोडायला विसरू नका. अडकलेल्या दोराचं एकच टोक हाती असेल तर त्यावर चढू नका. वर तो कशात अडकलाय, हे खालून कळत नाही.

रांजणखळग्यात (पाण्याने कातळात कोरलेल्या खोल खड्ड्यात) उडी मारू नका. काल पोहता येत होतं तिथे आज घोटाभर पाणी असू शकतं. बाहेर पडायला काठ हाताला लागत नसेल तर एकाने दुसऱ्याला खांद्यावर घ्यावं. ऊन पोचत नाही अशा ठिकाणी पाणी गारठवतं, वेटसूट हवाच.

बाहेरची वाट बहुधा उघड्या कातळावरून चढते. शेवटचा उभा कातळ पार होईपर्यंत हार्नेस (कमरेचा सुरक्षा-पट्टा) काढू नका, माणशी दीड-दोन लिटर पाणी एवढ्यासाठीच राखा. काळपट, खडबडीत पापुद्र्याची माती जिवंत असते, सूक्ष्मजीवांनी बांधलेली. तिला टाळून कातळावरून किंवा ओढ्यातल्या वाळूतून चाला. घरी दोर साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि डिसेंडर (दोरावर वेग आवरणारं धातूचं साधन) तपासा: वाळूने झिजून त्याला धार आली असेल तर तो बाद.