फ्लॅनेलचा शर्ट घेताना चौकटी बाजूला ठेवा, कापड बघा

मुंबईत फ्लॅनेल कशाला, असं विचारणारे खूप भेटतात. अहो, ऑफिसमध्ये एसी २० वर लावलेला असतो, डिसेंबर २०१७ पासून एसी लोकल आहे, रात्रीची एसटी पकडून गावाला जायचं असतं, आणि जानेवारीत पहाटेची कर्जत लोकल पकडून पेब नायतर राजमाची किल्ल्याला निघालात की नेरळच्या पुढे वारा असा लागतो की साध्या कॉटन शर्टात हात खिशातून बाहेर काढवत नाही. जॅकेट घेतलं तर चढायला लागल्यावर घामाने भिजतो माणूस. फ्लॅनेल या मधल्या हवामानासाठीच बरोबर आहे, म्हणून मी गेली बरीच वर्षं तोच वापरतोय, आणि बऱ्यापैकी पैसे घालवून जे शिकलोय ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. लोक चौकटीच्या शर्टाला फ्लॅनेल म्हणतात, ते चुकीचं आहे. चौकटी हे डिझाइन झालं. फ्लॅनेल हे कापड आहे, आपल्या घरातली जुनी माणसं ज्याला फलालीन म्हणायची तेच, बाळाची दुपटी नि टोपडी ज्याची शिवतात ते. ते एका रंगाचंही असतं, पट्ट्यांचंही असतं. आणि उलट, साध्या पॉपलिनवर (गुळगुळीत, बिनलवेचं शर्टिंगचं कापड) लाल-काळ्या चौकटी छापून वर "फ्लॅनेल" लिहिलेलं ऑनलाइन ढिगाने मिळतं. फोटोत दोन्ही सेम दिसतात, हातात घेतल्यावर कळतं.

मूळ फ्लॅनेल लोकरीचं, ब्रिटनमधल्या वेल्सकडचं. लोकरीचं आजही मिळतं, सुटाच्या पॅंटला वगैरे, पण आपल्याला शर्टात जे मिळतं ते बहुतेक सुती. ते कसं बनतं हे माहीत असलं की अर्धी खरेदी सोपी होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी मागावर साधं कापड विणतात, त्यात आडवा धागा मुद्दाम जाडसर आणि कमी पिळाचा घेतात. मग ते कापड बारीक तारांचे दात असलेल्या रोलरवरून फिरवतात, ते दात आडव्या धाग्यातले तंतू ओरबाडून वर काढतात, ती झाली लव. त्या लवेत हवा अडकते म्हणून ऊब लागते. आता इथेच खरी गोम आहे. लव बाहेरून लावलेली नसते, ती त्या धाग्यातूनच उपसलेली असते. जितकी लव जास्त काढली तितका आतला धागा बारीक आणि कमजोर झाला. त्यामुळे दुकानात हात लावल्या लावल्या ससा धरल्यासारखा मऊ लागणारा शर्ट बऱ्याचदा सगळ्यात आधी फाटतो, आणि कोपरावर फाटतो, कारण सगळ्यात जास्त ताण तिथे येतो.

माझं हेच झालं होतं. ऑनलाइन एक शर्ट घेतला, अठराशे रुपयांचा, कंपनीचं नाव नाही सांगत, आला तेव्हा घरात सगळ्यांनी हात फिरवून वा वा केलं. दुसऱ्या थंडीत उजव्या कोपराला जाळी दिसायला लागली. फाटला नव्हता, उभे धागे तसेच होते, मधले आडवे धागे गेलेले. तो शर्ट आमच्या मोठ्या काकांना दाखवला. काका परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणतात त्या खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यांनी शर्ट उलटा केला, खिडकीकडे धरला आणि म्हणाले, कापड नेहमी मागून बघायचं, पुढून तर ते विकायला ठेवलेलं असतं. तेव्हापासून मी दुकानात पहिलं काम तेच करतो.

म्हणजे काय करायचं, तर शर्ट उलटा करून पाठीचा एकेरी भाग उजेडाकडे धरायचा. विण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, कुठे दाट कुठे विरळ, ढगाळ ढगाळ दिसत असेल तर सोडून द्या. मग दोन्ही हातांच्या चिमटीत चार-पाच बोटं रुंदीचं कापड धरून आडवं हलकंच ताणा, मग उभं ताणा. सोडल्यावर जागेवर आलं पाहिजे आणि धागे सरकलेले दिसता कामा नयेत. मग अंगठ्याने एकाच जागी वीसेक वेळा जरा दाबून घासा. चांगल्या कापडावर लव नुसती विस्कटते, हाताने सारखी केली की बसते. हलक्या कापडावर तेवढ्यातच बारीक गोळे यायला लागतात नायतर अंगठ्याला भुसा लागतो, म्हणजे धागा आखूड तंतूंचा आहे, तीन-चार धुण्यात अख्खा शर्ट गोळ्यांनी भरणार. दुकानदार बघतो जरा विचित्र, बघू दे.

उलटं केल्यावर अजून एक कळतं. रंगीत धागे विणून चौकटी केल्या असतील तर आतून बाहेरून डिझाइन सारखंच दिसतं. छापील असेल तर आतून फिकट, पांढरट दिसतं. छापील फ्लॅनेल मी घेतच नाही, कारण रंग वरच्या लवेवर जास्त बसलेला असतो आणि लव झिजली की आतला फिका धागा वर येतो, कॉलरच्या कडेला आणि कफला आधी. हे बघायला दहा सेकंद लागतात आणि एवढ्या एका गोष्टीने निम्मे शर्ट बाद होतात.

जाडी किती घ्यायची यावर लोक खूप गोंधळतात. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. परदेशी साइटवर औंस लिहितात, तो औंस एका चौरस यार्डाचा असतो, त्याला ३४ ने गुणलं की साधारण जीएसएम येतं, म्हणजे ५ औंस म्हणजे १७०. आपल्या मुंबईला १४० ते १७० मध्ये घ्या. त्याच्या खाली टिकण्याची खात्री नाही, आणि २०० च्या वर गेलात तर तो शर्ट मनाली-बिनालीसाठी ठेवावा लागेल, शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत वाळायला दोन दिवस घेतो. लेबलवर जीएसएम नसेल, बहुतेक वेळा नसतंच, तर घरी किचनच्या वजनकाट्यावर शर्ट ठेवा. फुल बाह्यांचा एल साइजचा शर्ट २८० ते ३५० ग्रॅममध्ये भरला तर आपल्या कामाचा. दोनशेच्या आसपास भरला तर तो साध्या शर्टाएवढाच आहे, वरून नुसती थोडी लव काढलीय. ऑनलाइन घेतला असेल तर टॅग न काढता आधी वजन करायचं, मग ठेवायचा की परत करायचा ते ठरवायचं.

लेबलवर शंभर टक्के कॉटन असलेलाच बघा. पॉलिस्टर मिक्स असला की कापड तसं मजबूत असतं, हे मान्य, पण दादरला जिना चढेपर्यंत पाठ ओली होते, आणि गोळे आले की ते गळून पडत नाहीत, पॉलिस्टरचा तंतू मजबूत असल्याने गोळा तिथेच धरून राहतो. सुती गोळे तरी घासून जातात. शंका असेल तर शर्टाच्या आतल्या मार्जिनमधून कापडाचाच एक सुटा धागा काढा (शिलाईचा दोरा नको, तो बऱ्याचदा पॉलिस्टरचाच असतो) आणि घरी बेसिनवर चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटाने चुरली जाणारी राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

जाळण्यावरून आठवलं, हे सिरियसली घ्या. सुती फ्लॅनेलची लव आग चटकन पकडते, ज्योत वरच्या वर पसरत जाते. फ्लॅनेलची ढगळ बाही घालून गॅसपाशी उभं राहू नका, दिवाळीत फटाके उडवताना तर अजिबात नको, आणि लहान मुलांना शेकोटीपाशी बसवताना हा शर्ट काढून ठेवा.

आता शिलाई. कापड चांगलं असून शिलाईने मार खाल्लेले शर्ट मी खूप बघितलेत. बगलेखालची बाजूची शिवण आतून बघा, नुसती ओव्हरलॉक (कडेवरून दोऱ्याची जाळी मारलेली) असेल तर फ्लॅनेलमध्ये ती लवकर उसवते, कारण कापड जाड आणि सैल विणीचं. दोन्ही कडा एकात एक दुमडून वरून दोन टिपा मारलेल्या असतील, जीन्सच्या पायाला असतात तशा, तर ती शिवण शर्टाला पुरून उरते. टाके मोजा, एका इंचात दहा-बारा असावेत. सात-आठ असतील तर घाईत शिवलंय. खिशाच्या वरच्या कोपऱ्यांना आणि बाहीच्या पट्टीच्या टोकाला दाट टाक्यांचा टाका मारलेला पाहिजे. बटणाचा दोरा सुटला असेल तर जरासा ओढून बघा, सरसर उसवत आला तर सगळीच बटणं घरी एकदा पक्की करून घ्यावी लागतील, त्यासाठी शर्ट सोडू नका, ते दहा मिनिटांचं काम आहे.

चौकटी जुळवल्यात का तेही बघा, खिसा आणि पुढच्या पट्टीवर. दिसायला छान हा भाग वेगळा, पण जुळवायला कापड जास्त लागतं आणि कटिंगला वेळ लागतो, म्हणून जो हे करतो तो सहसा आतल्या शिवणीतही चोरी करत नाही.

कुठे घ्यायचा? फॅशन स्ट्रीटला एक्स्पोर्ट सरप्लसचे, म्हणजे परदेशी पाठवायच्या मालातून उरलेले फ्लॅनेल मिळतात, लेबल कापलेले असतात, त्यातले काही खरंच जबरदस्त असतात. चर्चगेटहून चालत जा, सकाळी लवकर जा, गर्दी नसली की उलटंपालटं करून बघू देतात. तिथे दोष हमखास कुठेतरी असतो, नसता तर तो माल रस्त्यावर आला नसता, फक्त तो कुठला आहे ते शोधायचं. ऑइलचा डाग किंवा खिसा वाकडा चालेल, दोन बाह्यांची शेड वेगळी असेल तर तुम्ही ठरवा, पण विणीतच धागा तुटलेला असेल तर फुकट दिला तरी नको.

माझ्या मते तरी सगळ्यात टिकाऊ शर्ट म्हणजे कापड घेऊन शिवलेला. मंगलदास मार्केट नायतर दादरचं हिंदमाता, दोन्हीकडे थंडीच्या आधी फ्लॅनेल यायला लागतं. तिथे अख्खा ताका समोर असतो, पाहिजे तेवढं मागून बघा. ५८ इंची पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी असेल तर साध्या शर्टाला १.६० मीटर पुरतं, पण चौकटीला जुळवायला पाव मीटर तरी जास्त घ्या, म्हणजे १.८५ घ्या. आणि हा पीस घरी नेऊन वजन केलं की जीएसएम पक्कं कळतं. १.८५ मीटर गुणिले १.४७ म्हणजे साधारण २.७ चौरस मीटर, पीस ४३० ग्रॅम भरला तर १६० च्या आसपास आलं.

टेलरकडे देण्याआधी कापड पाण्यातून काढाच, हे विसरू नका. सुती फ्लॅनेल पाच टक्केसुद्धा आटतं, म्हणजे २५ इंची बाही सव्वा इंचाने वर जाते आणि कफ मनगट सोडून देतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, न पिळता वाळवा, मग द्या. रेडीमेडमध्ये हे करता येत नाही, त्यामुळे बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत येईल असाच घ्या, अगदी मापात बसणारा नको. टेलरला दोन गोष्टी सांगायच्या, सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापा, नायतर उजेडात पाठ एका शेडची आणि पुढा दुसऱ्या शेडचा दिसतो, आणि कॉलरला कडक बकरम (आत घालतात ते ताठ अस्तर) घालू नका, मऊ कापडाला कडक कॉलर घातली की घडीवर कापड आधी झिजतं. चांगला टेलर हे न सांगता करतो, तरी सांगा.

धुताना उलटा करून, बटणं लावून, थंड पाण्यात, जीन्स आणि टॉवेल सोडून बाकी कपड्यांबरोबर. ब्रश मारायचा नाही, अजिबात नाही, कॉलर मळली असेल तर साबण लावून हाताने चोळा. वाळवायला बांद्र्याच्या खाडीवरून येतो तसा वारा घरात कुठे मिळणार, पण निदान हँगरवर सुटा टांगा, दोरीवर दुमडून टाकलं की घडीत ओल राहते. इस्त्री उलट्या बाजूने.

कोपर पातळ व्हायला लागलं की भोक पडायची वाट बघू नका, तेव्हाच आतून त्याच जातीच्या कापडाचा तुकडा लावून घ्या, म्हणून टेलरकडून उरलेलं कापड मागून आणायचं, कापड आपलंच असतं. आणि जूनच्या आधी सगळे फ्लॅनेल धुऊन, कडक उन्हात एक दिवस देऊन, जुन्या सुती चादरीत बांधून कपाटात वरच्या खणात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ऑगस्टपर्यंत आत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते ठिपके सुती लवेतून काही केल्या जात नाहीत.