पाय प्लास्टरमध्ये, मूल पलंगावर: खेळ आणि भेटवस्तू निवडताना या चुका टाळा

सहा ते दहा वर्षांच्या मुलाच्या नडगीचं हाड मोडलं की बऱ्याचदा मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर चढतं आणि पुढचे काही आठवडे सगळं घर त्या पलंगाभोवती फिरतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, खेळण्यांचा ढीग जमतो. आठवड्याभरात त्यातलं निम्मं पलंगाखाली गेलेलं असतं आणि मूल मोबाइल मागत असतं. खेळण्यांत खोट नसते. मूल कसं टेकलंय, पाय किती उंचावर आहे, कोणता हात मोकळा आहे हे आणणाऱ्याने पाहिलेलं नसतं.

पलंग न बघता खरेदी

घडीचा लॅपटॉप टेबल हमखास फसतो. त्याची उंची साधारण २५ ते ३० सेंमी. प्लास्टर गुडघ्यात वाकवलेलं असेल आणि पाय दोन उशांवर असेल, तर तो सहज त्याहून वर जातो. मग टेबल पुढे सरकतच नाही, किंवा त्याची कड प्लास्टरवर टेकते आणि मूल कळवळतं. आधी टेप घेऊन गादीपासून प्लास्टरच्या सर्वांत उंच भागापर्यंत मोजा, त्यात ५ सेंमी मिळवा. एवढ्या उंचीचा टेबल मिळाला तर ठीक, नाहीतर परीक्षेचं क्लिपवालं पॅड त्याहून बरं. पॅडच्या वरच्या कडेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की छान उतार मिळतो. इस्त्रीचं उंची बदलणारं टेबल पलंगाला आडवं लावूनही काम भागतं, मात्र त्यावर हलक्याच वस्तू ठेवा. कोपरावर भार दिला तर ते कलंडतं.

पाठीमागे एकच गुबगुबीत उशी दिली की मूल थोड्याच वेळात घसरून मान मोडून बसतं. खाली घट्ट लोड, त्यावर उशी आणि बऱ्या पायाच्या गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी, एवढ्याने घसरणं थांबतं.

सुरुवातीला सूज उतरावी म्हणून पाय उंच ठेवायला सांगतात, तेव्हा मूल जवळजवळ उताणंच असतं. अशा वेळी बॉलपेन चालत नाही, कारण टोक वर झालं की शाई उतरत नाही. भेट म्हणून पेनांचा संच आणण्यापेक्षा मऊ शिशाच्या दोन-तीन पेन्सिली आणा. पुस्तकाचंही तसंच. जाडजूड पुठ्ठा-बांधणीचं पुस्तक चेहऱ्यावर धरून वाचता येत नाही, हात भरून येतात. पातळ मासिकं बरी. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतं. त्याचा एक अंक एका हातात आरामात मावतो.

घरंगळणाऱ्या वस्तू

गोट्या, सागरगोटे, सुटे फासे, गोल खडू पलंगावर टिकत नाहीत. वस्तू हरवली तर एक वेळ चालेल. ती उचलायला मूल पलंगाच्या कडेवरून वाकतं आणि जड प्लास्टरसकट खाली येतं, हा खरा धोका. मोकळ्या बाजूला खुर्च्यांच्या पाठी लावा किंवा जमिनीवर गादी टाका आणि ‘पडलं तर हाक मार’ यासाठी एक घंटी हाताशी द्या.

फासा पारदर्शक झाकणाच्या लहान डबीत बंद करा. डबी हलवायची, वरचा आकडा वाचायचा. साप-शिडीच्या सोंगट्या सरकू नयेत म्हणून त्यांना तळाशी चुंबकपट्टीचा तुकडा चिकटवतात आणि पट स्टीलच्या ताटावर ठेवतात. इथे एक गोम आहे. आपल्या घरातल्या पुष्कळ स्टीलच्या ताटांना चुंबक चिकटतच नाही, कारण त्या जातीच्या स्टीलमध्ये चुंबकीय गुण जवळजवळ नसतो. आधी फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. पत्र्याच्या मोठ्या बिस्किट-डब्याचं झाकण बहुधा चालतं, शिवाय त्याला काठही असतो. मणी ओवायचे असतील तर ताटात जाडसर रुमाल अंथरा, मणी जागचे हलत नाहीत.

चुंबक म्हणजे जाहिरातींचे चपटे, मोठे, कमी ताकदीचे. बारीक, चकचकीत, जोरात ओढणाऱ्या चुंबकगोळ्या घरात नकोतच. दोन पोटात गेल्या तर आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकींना चिकटतात आणि तिथे भोक पडू शकतं. बटणासारख्या सेलवर चालणारी, स्क्रूने बंद न होणारी खेळणीही परत करा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच भाजल्यासारखी जखम करू शकतो. शंका आली तरी तडक रुग्णालय गाठा.

प्लास्टरच्या आत काय जातं

वरचं तोंड सैल होत जातं तसं प्लास्टर म्हणजे खिसाच होतो. पेन्सिलीचं टोक, चमकी, थर्माकोलचे मणी, शेंगदाण्याची सालं, फरसाणाचा चुरा, सगळं तिथे उतरतं. आत गेलेला एवढासा खडा कातडीवर सतत रुतून जखम करतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून खेळताना आणि खाताना प्लास्टरच्या तोंडाभोवती सुती ओढणी सैलसर गुंडाळा, नंतर ती पलंगाबाहेर झटका. चमकी आणि थर्माकोलवाले हस्तकलेचे संच सरळ बाजूला ठेवा.

खाज सुटली की विणायची सुई, पट्टी, पेन्सिल आत घालण्याचा मोह होतो. कातडी सोलवटते, अस्तर गोळा होतं, कधी वस्तूच आत राहते. पावडरही ओतू नका, घामाने तिचे गोळे होतात. ड्रायरची थंड हवा तोंडातून सोडा, गरम नाही. आतून वास किंवा ओल आली, बोटं निळी-पांढरी पडली, सुजली, बधिर झाली किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर खेळ बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे.

प्लास्टरवर चित्र काढणं हा मुलांचा आवडता उद्योग, पण घाई नडते. साधं प्लास्टर हाताला कडक लागलं तरी पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागू शकतात. तोवर त्यावर दाब नको. नंतर स्केचपेन चालेल. ऑइलपेंट किंवा वॉर्निश नको, त्याने प्लास्टरची छिद्रं बुजतात. जलरंगाची वाटी तर पलंगावर नकोच. फायबरचं प्लास्टर भिजलं तरी टिकतं हे खरं, पण आतला कापूस भिजतो आणि तो वाळत नाही.

रंगांऐवजी कणकेसारखा गोळा द्या. १ वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, १ चमचा तेल आणि अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी. पाणी एकदम ओतलं की गोळा चिकट होतो आणि मग चादरीला लागतो. थोडं थोडं घालत मळा, चिकटलाच तर चमचाभर मैदा वाढवा. गोळा भेगाळत असेल तर तेलाचा हात लावा. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये काही दिवस राहतो. हाताला खरचटलं असेल किंवा सलाइनची सुई लावलेली असेल तर मात्र नको, मीठ झोंबतं.

एकच हात मोकळा असेल तर

पत्ते भेट देणं सोपं, पण हातात पानं पसरून धरायलाच दोन हात लागतात. कपडे धुण्याचा स्वच्छ, कोरडा ब्रश उलटा ठेवा आणि केसांत पानं खोचा. बदाम सात किंवा झब्बू निवांत खेळता येतो. नाव-गाव-फळ-फूल तोंडी खेळा, लिहायचं काम मोठ्यांचं.

सगळं एकाच दिवशी उघडणं

हा दोष पालकांचा. दहा भेटी पहिल्या संध्याकाळी उघडल्या की दुसऱ्या आठवड्यात हाताशी काही उरत नाही, आणि कंटाळा तर दुसऱ्याच आठवड्यात सुरू होतो. आलेल्या वस्तू कपाटात ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक घाला आणि एक दिवसाआड एक पुडी द्या. पुडीत महागडं काही लागत नाही. १५ सेंमीचे चौकोनी घडीकागद, भिंग, सावल्यांच्या खेळासाठी लहान टॉर्च, बोटांवर विणायला जाड लोकरीचा गुंडा, कापडी बाहुली आणि तिच्या पायाला गुंडाळायला पट्टी. ही शेवटची पुडी फार चालते. मूल स्वतः डॉक्टर होतं आणि न विचारता मनातलं बोलतं.

खेळ दुखण्याचं औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने काढा आणि सुरुवातीला वीस मिनिटांत आवरा. मूल चिडचिड करायला लागलं, हातातून वस्तू सुटायला लागल्या की ते थकलंय. नवा खेळ पुढे करू नका. डेंग्यूतून उठलेल्या मुलाला तर याहूनही कमी झेपतं.

खाऊची पिशवी

पडून राहिल्याने पोट साफ होत नाही, त्यात बिस्किटं आणि वेफर्सची भर पडली की मूल कुंथतं आणि पलंगावर सगळ्यांचेच हाल होतात. पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका आणा. दुसऱ्या आजाराचं मूल असेल तर आधी फोन करून विचारा. नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात सूज असताना मीठ कमी ठेवतात, म्हणजे वेफर्स बाद. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाकडे ताजी फुलं, मातीची कुंडी किंवा न धुता येणारं मऊ खेळणं घेऊन जाऊ नका.

भावंडाला हाकलणं

‘त्याला त्रास देऊ नकोस’ असं दिवसभर ऐकलं की धाकटं मुद्दाम येऊन प्लास्टरवरच चढतं. त्याला काम द्या. बुटांच्या खोक्याला फट पाडून दारावर टपालपेटी लावा आणि धाकट्याला पोस्टमन करा. शाळेतल्या मित्रांनी एकदम तीस पत्रं पाठवली तरी रोज दोनच वाटायची, आणि उत्तर लिहून झाल्याशिवाय पुढचं पत्र नाही.