समुद्राजवळ घर बांधताय? आधी सळईचं बघा

आमच्या कोकणातल्या घराच्या छज्ज्याखाली आधी सळईच्या रेषेत बारीक चीर आली, मग तांबूस डाग, आणि एका पावसाळ्यात पोपडाच खाली आला. बघतो तर सळईवर काँक्रीट बोटभरही नव्हतं.

सिमेंटच्या अल्कलीमुळे सळईवर पातळ कवच बसतं, तोवर गंज लागत नाही. खाऱ्या हवेतलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, झिरपत आत पोचलं की ते कवच तुटतं, नि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो म्हणून काँक्रीट आतून फुटतं. तेव्हा मीठ सळईपर्यंत जितकं उशिरा पोचेल तितकं बरं.

त्यासाठी पहिलं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला ४५ मिमी नि किमान एम३० (काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड), लाटांचे तुषार उडत असतील तर ५० मिमी नि एम३५. गवंडी सळईखाली खडीचा तुकडा सरकवून मोकळे होतात, वर कुणाचा पाय पडला की तो निसटतो नि सळई खाली टेकते, म्हणून कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे ठोकळे) त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे आधीच पाडून पाण्यात पिकवून ठेवा. बाइंडिंग वायरची टोकंपण आत वळवून घ्या, सेंटरिंगला (काँक्रीटच्या साच्याला) टेकलेल्या टोकातून गंज सुरू होतो.

दुसरं पाणी. पाणी-सिमेंटचा रेशो ०.४५ म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, त्यात ओल्या रेतीतलं पाणीपण आलं. एवढ्यात माल घट्ट वाटतो नि मिक्सरवाला बादली उचलतोच, तिथे उभं राहून अडवा, क्लोराइड नसलेलं प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं द्रव्य) घाला आणि व्हायब्रेटर नीट फिरवा. खाडीची रेती नको, विहीर मचूळ असेल तर सरळ टँकर.

सिमेंट स्लॅगवालं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) मिळालं तर उत्तम, मीठ आत शिरायला वेळ लागतो, पण त्याची ताकद सावकाश येते म्हणून गोणपाट टाकून निदान १४ दिवस गोड्या पाण्याने ओलं ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ पाईप मारून गेलं म्हणजे क्युरिंग नाही.

आणि जुन्या घराला चीर पडलीच असेल तर वरून प्लास्टर थापू नका, पैसे पाण्यात. खराब काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढा, गंज घासून झिंक प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर. कॉलम असेल तर हातोडा लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, टेकू कुठे द्यायचे ते तोच सांगेल.