पोल व्हॉल्टमधून कॉलेजात: ओहायोत नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

नववीत असताना मुलगी ट्रॅकच्या प्रॅक्टिसवरून आली आणि म्हणाली, "आई, मी पोल व्हॉल्ट करणार." मला आठवली ती शाळेच्या पुस्तकातली बांबूउडी. आम्हाला तेव्हा ओहायोत येऊन सहा वर्षं झाली होती आणि या खेळाच्या जोरावर कॉलेजात जाता येतं हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आता ती कॉलेजच्या टीमकडून उडते. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणी ना कोणी नवे आईबाबा आरतीनंतर बाजूला घेऊन विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते.

आपण कॉलेज शोधतो ते नाव बघून. बारावीनंतरच्या मेरिट लिस्टची सवय सहजासहजी जात नाही. व्हॉल्टच्या बाबतीत मात्र आधी कोच बघा, कॉलेजचं नाव नंतर. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. केटी मून क्लीव्हलंडजवळच्या ओल्मस्टेड फॉल्सची. ती डेटनहून बदली घेऊन अ‍ॅशलंडला गेली. अ‍ॅशलंड हे डिव्हिजन 2 मधलं (कॉलेजच्या खेळांच्या तीन पातळ्यांपैकी दुसरी) लहान विद्यापीठ, आपल्यापैकी बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने 4.90 मीटरवर सुवर्णपदक मिळवलं. 2015 चा जगज्जेता शॉन बार्बर कॅनडाचा, पण तो घडला अ‍ॅक्रनला. म्हणून व्हॉल्टला वेगळा कोच आहे का, की उड्यांचा कोचच हेही बघतो, हे आधी विचारा. हिवाळ्यात छपराखाली पिट, म्हणजे गादी असलेली उडीची जागा, आहे का, कॉलेजकडे आपल्या मुलीच्या वजनाला चालणारे आणि त्यापुढचे पोल आहेत का, हेही विचारा. आमचा अनुभव सांगते. मुलीने एका कॉलेजला होकार दिला आणि त्याच उन्हाळ्यात तिथला व्हॉल्टचा कोच नोकरी सोडून गेला. आम्हाला ते ऑगस्टमध्ये कळलं. त्यामुळे "हा कोच गेला तर मला कोण शिकवेल?" हा प्रश्न मुलीने भेटीत स्वतः विचारलाच पाहिजे.

कोचचा हिशेब साधा असतो: ही मुलगी कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या, स्पर्धेत गुण मिळवेल का? तिथे सहसा पहिल्या आठ जणींना 10, 8, 6, 5, 4, 3, 2, 1 असे गुण मिळतात. कॉलेजचे निकाल टीएफआरआरएस (TFRRS) या वेबसाइटवर सगळ्यांना बघता येतात. त्या कॉन्फरन्समध्ये गेल्या वर्षी आठवी आलेली मुलगी किती उडाली ते काढा. आपली मुलगी अकरावीत त्या उंचीच्या जवळपास असेल तर मेल पाठवायला हरकत नाही. आम्ही घरी वहीत अशा 22 कॉलेजांचे आकडे लिहिले होते. त्या वहीने जेवढी मदत केली तेवढी कुठल्याही सल्लागाराने केली नाही.

2025-26 पासून डिव्हिजन 1 मध्ये मोठा बदल झाला आहे. पूर्वी मुलांच्या ट्रॅक टीमला 12.6 आणि मुलींच्या टीमला 18 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्याच तुकडे करून वाटल्या जात. आता नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची मर्यादा उठली, पण टीममध्ये 45 पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. म्हणजे शिष्यवृत्ती नसली तरी टीममध्ये घ्या, असं म्हणणाऱ्यांची जागा आटली. मुलगा असेल तर त्याला अडथळे आणि लांब उडीही करू द्या. दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये पोल व्हॉल्ट असतो, त्यामुळे असा मुलगा कोचला दुहेरी उपयोगाचा वाटतो. मुलींच्या सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये तो नसतो.

डिव्हिजन 1 चे कोच दहावी संपल्यावर येणाऱ्या 15 जूनपासून मुलांशी प्रवेशाबद्दल बोलू शकतात. कॉलेजच्या खर्चाने भेट अकरावीच्या आधीच्या 1 ऑगस्टपासून. त्याआधी पाठवलेल्या मेलला उत्तर आलं नाही तर तो नकार नसतो. हे माहीत नसल्यामुळे आमची मुलगी दहावीत दोन आठवडे रोज मेल उघडून बघत होती आणि आम्ही तिला धीर देण्यापलीकडे काही करू शकलो नाही. मेल मुलीनेच लिहायचा, बाबांनी नाही. त्यात सर्वोत्तम उंची, पोलची लांबी आणि त्यावरचा पौंडांचा आकडा, पकड किती उंच आहे, धाव किती पावलांची, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) हे सगळं चार ओळींत यावं. व्हिडिओ बाजूने घ्या, धावेच्या पहिल्या पावलापासून गादीवर पडेपर्यंत सलग. संगीत नको, हळू गती नको. फसलेली एक उडीही पाठवा. कोचला मुलगी पोल रोवते कशी ते बघायचं असतं.

पौंडांच्या आकड्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण घरात काळजी घ्यायची ती इथेच. हायस्कूलच्या नियमाप्रमाणे खेळाडूचं वजन पोलवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त असून चालत नाही. एका मीटच्या आदल्या रात्री मुलगी जेवायला येईना. 125 चा पोल तिच्या हातात छान बसला होता आणि काटा 126 दाखवत होता. मी पोह्यांची बशी घेऊन तिच्या खोलीत गेले आणि ती खाईपर्यंत तिथेच बसले. दुसऱ्या दिवशी 130 च्या जरा कडक पोलवर ती नेहमीपेक्षा सहा इंच कमी उडाली. त्या सहा इंचांचं मला काडीइतकं दुःख झालं नाही. वाढत्या वयात वजन वाढणारच. मूल वाढलं की पोल बदलायचा. कॉलेजात हा नियम नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर एनसीएएला, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेला, ठरावीक 16 विषय लागतात. डिव्हिजन 1 साठी त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या विषयांत किमान 2.3 जीपीए. मूल नववी भारतात करून आलं असेल तर तिकडच्या शाळेची नववीची मार्कशीट आणि मराठीत असेल तर तिचं इंग्रजी भाषांतर आत्ताच करून ठेवा. बारावीत धावपळ करून ती मिळवणं फार जड जातं.

एच-4 वर (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) असलेल्या मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची विद्यार्थी मदत मिळत नाही, पण खेळाची शिष्यवृत्ती कॉलेज देतं, तिच्या आड व्हिसा येत नाही. 21 वर्षं पूर्ण होण्याआधी एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागेल हे लक्षात ठेवून वकिलाशी बोला. नाव-छायाचित्र वापरू देण्याचे पैसे कोणी देऊ केले तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. आयव्ही लीगमध्ये आणि डिव्हिजन 3 मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. एमआयटी आणि क्लीव्हलंडचं केस वेस्टर्न हे दोन्ही डिव्हिजन 3 आहेत. पण तिथला कोच प्रवेशापूर्वी मुलाचे गुण प्रवेश कार्यालयाकडून बघवून घेऊ शकतो, आणि मदत गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळते. अभ्यासात पुढे असलेल्या मुलांसाठी मला हीच वाट सगळ्यात चांगली वाटते.

नवा पोल काहीशे डॉलरला पडतो आणि मूल वर्षभरात त्यातून बाहेर येतं, म्हणून सुरुवातीला शाळेचे किंवा क्लबचेच वापरा. आमच्या गराजमध्ये भिंतीला 12 फुटी दोन पोल टेकवून ठेवले आहेत, 125 आणि 130 चे. पुढच्या गणपतीत भेटलात आणि तुमच्या मुलीचं वजन त्याच्या आत असेल तर घेऊन जा. गाडीच्या टपावर बांधायचे दोरही देईन.