हृदयाची झडप बदलायची तारीख मिळाली? आधी ताटाकडे बघा

तारीख ठरली रे ठरली की घरात "आता वजन उतरवा" सुरू होतं. मामांच्या वेळी आम्हीही तेच केलं. भात बंद, तूप बंद, रात्री नुसतं सूप. काटा खाली आला, सगळे खूश. ऑपरेशननंतर त्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची. आता आत्याची महाधमनीची झडप बदलायची आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, जुने टूडी इकोचे रिपोर्ट एका फाईलमध्ये. पुढे.

दात दाखवून या, आणि आधी दाखवा. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतात आणि तो संसर्ग जिवावर बेतू शकतो. दात काढायचाच असेल तर जखम भरायला वेळ लागतो, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

आता खाणं. झडप बदललेल्या रुग्णांच्या बऱ्याच अभ्यासांत, विशेषतः छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप बसवण्याच्या टावी पद्धतीत, थोडे जाड लोक काटकुळ्यांपेक्षा जास्त जगल्याचं दिसतं. याचा अर्थ चरबी तारते असा नाही, तेव्हा लाडूचे डबे उघडू नका. काटकुळ्यांमधले बरेच जण आजारानेच झिजलेले असतात, आणि ऑपरेशननंतर शरीर साठा मोडून खातं तेव्हा त्यांच्याकडे मोडायला काही उरलेलं नसतं. बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याला, चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. पोटाचा घेर मोठा आणि मांड्या काडीसारख्या, अशा माणसाचा आकडाही छान येतो. त्यात पायावर सूज असेल तर काटा सरळ खोटं बोलतो: स्नायू जातात, पाणी येतं, वजन तेवढंच. म्हणून पोटरीचा घेर टेपने मोजा. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का बघा. घरातच 5 मीटर नेहमीच्या चालीने चालायला लावा. 6 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना तसं सांगा. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन 3.5 (ग्रॅम प्रति डेसीलिटर) च्या खाली असेल तर तेही विचारा.

तर प्रथिनं. वयस्कर आजारी माणसाला रोज किलोमागे साधारण 1.2 ग्रॅम लागतात, म्हणजे 60 किलोच्या आत्याला 70 च्या वर. एका अंड्यात 6 ग्रॅम मिळतात, आता करा हिशोब. वरणाच्या पाण्याने भागत नाही. घट्ट वरण, मोडाची मटकी, दही, पनीर, खात असतील तर मासे, आणि हे तिन्ही वेळेला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या. उपास? या काळात नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. "देवाला चालतं" हे आत्याला पटवायला गुरुजींची मदत घ्या, पण पटवा. आणि पुन्हा सांगतो, मनाने डाएट नाही. वजन खरंच जास्त असेल तर छातीच्या जखमेत संसर्गाचा धोका वाढतो हे खरं, पण त्याचा मार्ग सर्जन आणि आहारतज्ज्ञ सांगतील, व्हॉट्सॲपवरचा काका नाही. वजन कमी करायचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

व्यायाम विचारूनच. झडप खूप अरुंद असेल तर जोर लावताना चक्कर येऊन माणूस पडतो. तीन रंगीत चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र (स्पायरोमीटर) मात्र आधीच आणून सराव करा, आणि त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं.

झडप धातूची की जैविक, ते आधी बोलून घ्या. धातूची असेल तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी) तपासणी ठरलेल्या दिवशी. पालेभाजीने या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून ती बंद करायची नाही, रोज साधारण तेवढीच खायची.

घरी आल्यावर: रोज सकाळी वजन, दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर फोन. छाती उघडली असेल तर हातावर जोर नको. ताप आला तर मनाने अँटिबायोटिक नाही. भूक नसेल तर थोडं थोडं, पण प्रथिनं. तेच ते. अंडं उकडायला ठेवा.