बाइंडिंग मशीनला नावे ठेवण्याआधी या चुका टाळा

«मशीन बिघडले आहे» हे वाक्य मी महिन्यातून किमान दोनदा ऐकतो. गेली अनेक वर्षे सल्लागार अभियंत्यांच्या एका कार्यालयात अहवाल आणि निविदांचे संच बांधून घेण्याचे काम माझ्याकडे आहे आणि या काळात खरोखर बिघडलेले बाइंडिंग मशीन मी दोनदाच पाहिले. एरवी दोष लिव्हर ओढणाऱ्याच्या घाईत असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एका वेळी पेलणार नाहीत इतके कागद पंच करणे. मशीनच्या खोक्यावर एका वेळी २० कागद असा आकडा छापलेला असेल, तर तो साधारणपणे ७० किंवा ७५ जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागदासाठी असतो. आपण मात्र अहवालाला ८० किंवा १०० जीएसएमचा कागद वापरतो आणि वरचे पारदर्शक प्लास्टिक व खालचे जाड कव्हरही त्याच गठ्ठ्यात कोंबतो. मी २० कागदांच्या मशीनवर १२ पेक्षा जास्त कागद कधीच घालत नाही आणि प्लास्टिकचे कव्हर खाली-वर एकेक रद्दी कागद लावून वेगळे पंच करतो. नव्या मंडळींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. १५० कागदांच्या अहवालासाठी माझ्या पद्धतीने लिव्हर १३ वेळा ओढावी लागते आणि २५ कागदांचे गठ्ठे केले तर ६ वेळा, म्हणजे वाचतात ते ७ झटके.

त्या ७ झटक्यांची किंमत आम्ही एका मार्चअखेरीस मोजली. एका प्रकल्प अहवालाच्या ८ प्रती दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचवायच्या होत्या आणि पंचिंगचे काम मी एका हुशार, पण उतावळ्या प्रशिक्षणार्थी मुलावर सोपवून जेवायला गेलो. तिसऱ्या प्रतीच्या वेळी लिव्हर खाली गेली, ती वर येईना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला आणि गठ्ठा हिसकून बाहेर काढला. तळाच्या चार-पाच कागदांची भोके अर्धवटच कापली गेली होती आणि चौकोनी टिकल्या एका कडेला लटकत होत्या. त्या त्याने पेनाच्या टोकाने ढकलून दिल्या आणि काम तसेच पुढे रेटले. मी परत आलो तेव्हा भोके पाडणाऱ्या पिनांपैकी एक वाकलेली होती आणि त्यापुढच्या प्रत्येक कागदावर नेमके सातवे भोक चंद्रकोरीसारखे उमटले होते. रंगीत नकाशांसह दोन प्रती नव्याने छापाव्या लागल्या. पंचिंगसाठी रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला अर्धे ओढलेले शटर पुन्हा वर घ्यायला लावले. त्याचा कारागीर आमच्याशी गप्पा मारत, अंगठ्याने दहा-दहा कागद सोडवत, लिव्हर शांतपणे खाली-वर करत होता आणि पाऊण तासात तो मोकळा झाला.

लिव्हर अडकलीच तर कागदाला हात लावू नये. लिव्हर सावकाश उलट दिशेने पूर्ण वर न्यावी, खालचा ट्रे काढून टिकल्या झटकाव्यात आणि मगच गठ्ठा सरळ मागे घ्यावा. निम्म्या वेळा तर टिकल्यांनी गच्च भरलेला ट्रे हेच दुखणे असते. पिनांना शिवणयंत्राचे तेल पाजणाऱ्यांनी निदान पाच-दहा रद्दी कागद पंच करून डाग थांबल्याची खात्री करावी.

कडेचे भोक अर्धे कापले जाणे हा दोष गाइड, म्हणजे कागदाची कड टेकवायची पट्टी, सरकल्याचा असतो, तरी लोक त्यासाठी थेट दुरुस्तीवाल्याला फोन करतात. एक रद्दी कागद पंच करून तो दुमडावा. दोन्ही टोकांची भोके एकमेकांवर बसली तर गाइड बरोबर आहे. पावसाळ्यात कागद दमट होऊन चिकटतो आणि प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद गरम व वाकलेला असतो; अशा कागदाला पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे आणि पत्त्यांसारखे पिसून मग लावावे. छपाईत डावीकडे पुरेशी जागा सोडली नसेल, तर भोके मजकुरातूनच जाणार.

आता खरेदीविषयी. आपल्याकडे कॉम्ब (प्लास्टिकची दातेरी पट्टी), वायरो (दाबून बंद करायची दुहेरी तार) आणि प्लास्टिकची गुंडाळी या तिन्हींना सरसकट «स्पायरल» म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॉम्बची भोके लांबट चौकोनी असतात आणि ए४ कागदाला २१ येतात. तिचे दात उघडून पान बदलता येते, पण पुस्तक पूर्ण मागे दुमडत नाही. वायरो पूर्ण दुमडते, मात्र ती एकदा दाबली की पान बदलण्यासाठी तार कापावी लागते. म्हणून ज्या कागदपत्रांवर साहेबांचे शेरे येत राहतात त्यांना कॉम्ब आणि अंतिम प्रतीला वायरो, हा माझा नियम आहे.

वायरोतही दोन जाती आहेत, हे आम्हाला मशीन घेतल्यावर कळले. ३:१ म्हणजे एका इंचात तीन भोके, ए४ ला ३४. २:१ म्हणजे इंचात दोन, ए४ ला २३. ३:१ ची तार साधारण १४ मिलिमीटर व्यासापर्यंतच मिळते आणि तिच्यात ८० जीएसएमचे सुमारे १२० कागद बसतात. त्याहून जाड पुस्तकाला २:१ लागते आणि तिची तार ३:१ च्या भोकांत बसत नाही. आम्ही किमतीला भुलून ३:१ चे मशीन घेतले आणि आमचे अहवाल दीडशे कागदांचे. वर्षभर प्रत्येक अहवाल «भाग १» आणि «भाग २» असा फोडून द्यावा लागला. दुकानात जाताना आपला सर्वांत जाड अहवाल पिशवीत घालून न्यावा आणि त्याच्यावरच मशीन पारखावे. तारेचा किंवा कॉम्बचा आकार निवडतानाही अंदाज नको. गठ्ठ्याची जाडी पट्टीने मोजून त्यात ३ मिलिमीटर मिळवावेत.

वायरोची फट, म्हणजे दाबलेल्या तारेची टोके जुळतात ती जागा, पुस्तकाच्या मागे उघडी दिसणे हा केवळ क्रमाचा दोष आहे. मागचे कव्हर मुखपृष्ठावर ठेवावे, दोन्हींच्या दर्शनी बाजू समोरासमोर याव्यात. तार दाबून झाल्यावर ते कव्हर फिरवून मागे न्यावे, म्हणजे फट शेवटचे पान आणि कव्हर यांच्यामध्ये लपते.

थर्मल बाइंडिंगमध्ये, म्हणजे कण्यातला गोंद तापवून पाने चिकटवण्याच्या पद्धतीत, स्टेपलच्या पिना आधी काढाव्यात, गठ्ठा कण्यावर ठोकून सारखा करावा आणि गोंद थंड होईपर्यंत पुस्तक उघडून पाहण्याचा मोह आवरावा.

आणि निविदेच्या अटी बाइंडिंगच्या आधी वाचाव्यात. स्पायरलमधून पाने काढता-घालता येतात, म्हणून काही निविदांमध्ये ते चालणार नाही असे स्पष्ट लिहिलेले असते; तिथे पानांवर क्रमांक घालून संच बाइंडरकडे शिवायला द्यावा लागतो आणि बाइंडरला त्यासाठी दोन दिवस लागतात.